हवा पालटली की बाळाची झोप का बिघडते?

महिनाभर रात्री बऱ्यापैकी झोपणारं बाळ एकाएकी दर दोन तासांनी उठायला लागतं. दात येत असतील, पोटात दुखत असेल, दूध पुरत नसेल. घरातला प्रत्येक जण आपापला अंदाज सांगतो आणि त्यातला एखादा बरोबरही असतो. पण त्याच सुमारास हवा पालटली असेल, तर आधी बाळाच्या खोलीकडे बघा, असं माझं म्हणणं आहे. खोलीतली ऊब, खिडकीतून येणारा उजेड आणि हवेतला ओलावा ऋतूबरोबर बदलतो, आणि या तिन्हींचा बाळाच्या झोपेशी थेट संबंध आहे. मोठ्या माणसाला उकडलं तर तो झोपेतच पांघरूण लाथेने दूर सारतो, गार वाटलं तर ओढून घेतो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. तीन-चार महिन्यांच्या बाळाला यातलं काहीच जमत नाही. ते फक्त जागं होऊन रडू शकतं.

सगळ्यात मोठा गैरसमज उबेबद्दल आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू या.

थंडीही लवकर, उकाडाही लवकर

बाळाचं वजन कमी असलं तरी वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट असतं. कपभर गरम पाणी बादलीभर पाण्यापेक्षा लवकर निवतं, तसंच हे. त्यात नवजात बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही, म्हणजे स्नायू थरथरवून उष्णता तयार करण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नसते. निसर्गाने त्याला वेगळी सोय दिली आहे. खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास एक खास तपकिरी चरबी असते. थंडी वाजली की शरीर ही चरबी जाळून थेट उष्णता तयार करतं. त्यासाठी प्राणवायू आणि ऊर्जा खर्च होते, म्हणून गार खोलीत बाळ अस्वस्थ होतं, भुकेजतं आणि उठतं.

एवढं वाचून कुणीही आणखी एक पांघरूण काढायला धावेल. पण थांबा, कारण दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. बाळाला घाम येतो, तरी घामावाटे अंग थंड करण्याची क्षमता अजून पुरती तयार झालेली नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर ती फारच कमी असते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, एकूण त्वचेचा जवळपास पाचवा हिस्सा. नको असलेली उष्णता बाहेर टाकायला हीच मोठी वाट. बाकीचं अंग कपड्यांनी झाकलेलं असताना डोक्यावर टोपडं बांधलं, की ती वाटही बंद होते. म्हणून घरात झोपताना टोपडं नको. जन्मानंतरचे पहिले काही तास किंवा अपुऱ्या दिवसांची बाळं यांची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर सांगतील तसं.

आता याचा झोपेशी काय संबंध? झोप लागण्याच्या सुमारास शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरतं. हातापायांच्या त्वचेकडे रक्त जास्त वाहतं आणि तिथून उष्णता बाहेर पडते. खोली तापलेली असेल, किंवा बाळ तीन-चार थरांत गुंडाळलेलं असेल, तर हे उतरणं नीट होत नाही. बाळ पेंगतं, डोळे चोळतं, पण झोपेत शिरत नाही. शिरलंच तर चुळबुळत राहतं. उलट पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं आणि खोलीही तेव्हाच सगळ्यात गार झालेली असते. ऋतू बदलताना पहाटे चार-पाचला उठणाऱ्या बाळांमागे बरेचदा हे कारण असतं. रात्री नऊला जे कपडे बरोबर होते, ते पहाटे चारला अपुरे पडतात. भर उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत रात्रभराची हवा निदान एकसारखी तरी असते. अधल्यामधल्या दिवसांत संध्याकाळ उकाड्याची आणि पहाट गारठ्याची, म्हणून हेच दिवस जास्त अवघड जातात.

जास्त उबेची भीती बाळगायला आणखी एक कारण आहे आणि ते गंभीर आहे. वर्षाच्या आतल्या बाळाचा झोपेत, कुठलंही कारण न सापडता मृत्यू होण्याला डॉक्टर सिड्स म्हणतात. पालथं झोपवणं, मऊ गादी-उशी, सैल पांघरुणं आणि आसपासचा तंबाखूचा धूर हे त्याचे माहीत असलेले धोके आहेत. अंग जास्त तापणं हाही त्यातलाच एक. प्राणवायू कमी पडला तर झोपेतून जागं व्हावं, ही शरीराची संरक्षक धडपड तापलेल्या बाळात मंदावते. थंड हवेच्या देशांत पूर्वी असे मृत्यू हिवाळ्यात जास्त होत. थंडी थेट कारणीभूत होती असं नव्हे. सर्दी-तापाची साथ, बंद खोल्या आणि बाळाला घातलेले थरावर थर यांचा त्यात हात असल्याचं मानलं जातं. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत सिड्सचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. हा धोका मुळात दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण ‘बाळाला थंडी वाजेल’ या काळजीपायी आपण नेमकी जास्त धोक्याची चूक करतो, हे लक्षात ठेवायला हवं. गार वाटलेलं बाळ सहसा उठून रडतं. जास्त तापलेलं बाळ कधीकधी गाढ, सुस्त झोपून राहतं, आणि आपल्याला वाटतं की आज छान झोप लागली आहे.

हात कुठे लावायचा

बहुतेक जण बाळाचे तळहात आणि पावलं चाचपतात, ती गार लागली की पांघरूण वाढवतात. ही खूण फसवी आहे. लहान बाळाचं रक्ताभिसरण आधी मेंदू, हृदय, पोट सांभाळतं. हातपाय थोडे गार असणं अगदी सामान्य आहे. खरी खूण मानेवर सापडते. आपला हात आधी चोळून ऊबदार करा. मग दोन बोटांची मागची बाजू बाळाच्या मानेच्या मागे, केस संपतात तिथे, झबल्याच्या गळ्यातून किंचित आत सरकवा आणि क्षणभर ठेवा. त्वचा कोरडी आणि कोमट लागली तर सगळं ठीक. चिकट, ओलसर लागली, केसांच्या मुळाशी दमटपणा जाणवला, गाल लालबुंद दिसले, श्वास भरभर चालला असेल, तर एक थर कमी करा, बाळ झोपेत असलं तरी. मान आणि छाती दोन्ही गार लागली तरच थर वाढवायचा. मला विचाराल तर खोलीतल्या तापमापकापेक्षा ही दोन बोटं जास्त भरवशाची. आपण स्वतः झोपायला जाताना एकदा हे केलं, तर पहाटेची निम्मी रडारड टळते.

कपड्यांचा सर्वमान्य नियम साधा आहे: त्या खोलीत आपल्याला आरामात बसायला जेवढे थर लागतात, त्यापेक्षा बाळाला फार तर एक जास्त. उकाड्यात नुसतं पातळ सुती झबलं किंवा फक्त डायपर पुरे. ब्रिटनमध्ये बाळाची खोली 16 ते 20 अंश सेल्सिअस ठेवायला सांगतात, पण जगातली अनेक घरं वर्षातले कित्येक महिने इतकी थंड होतच नाहीत. तिथे हा आकडा गाठायची धडपड नको. खोली 28 अंशांवर असेल तर कपडे कमी करा, हवा खेळती ठेवा. बाळं तेवढ्या तापमानातही झोपतात.

पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी, म्हणजे स्लीप सॅक, मला जास्त पटते. सैल दुपटं किंवा रजई सरकून तोंडावर येऊ शकते. अंगात घातलेली पिशवी सरकत नाही, आणि बाळाने कितीही पाय झाडले तरी पहाटे उघडं पडायची भीती नसते. मात्र गळा आणि बाह्यांची भोकं बेताची हवीत, डोकं आत जाईल इतकी मोठी नकोत. विकतच्या पिशव्यांवर ‘टॉग’ असा आकडा असतो. कापड किती उष्णता अडवतं, याचं ते माप. खोली साधारण 24 अंशांच्या वर असेल तर 0.5 टॉग, 21 ते 23 असेल तर 1, आणि 16 ते 20 असेल तर 2.5 टॉग, असा ढोबळ हिशेब बहुतेक उत्पादक देतात. उत्पादकाचा तक्ता बघाच, पण शेवटचा शब्द मानेवरच्या बोटांचा. वजन भरलेल्या पिशव्या आणि पांघरुणं बाळासाठी घेऊ नका; अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये त्या वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. घट्ट गुंडाळायची सवय असेल, तर बाळ कुशीवर वळायची लक्षणं दाखवायला लागताच ती बंद करायची. हे बरेचदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच होतं. गुंडाळलेलं बाळ पालथं झालं तर त्याला परत वळता येत नाही.

पंख्याला उगाच घाबरलं जातं. खेळती हवा चांगलीच. कॅलिफोर्नियातल्या 2008 च्या एका अभ्यासात, ज्या खोलीत पंखा चालू असे तिथल्या बाळांमध्ये सिड्सचा धोका बराच कमी आढळला होता, विशेषतः खोली गरम असताना. एका अभ्यासावरून पंख्यानेच धोका टळतो असं सिद्ध होत नाही, पण पंख्याने बाळ आजारी पडतं ही भीती सोडायला हरकत नाही. झोत थेट चेहऱ्यावर येणार नाही एवढं बघा. एसी असेल तर तेच. हीटर मात्र बाळाच्या जवळ नको, आणि गरम पाण्याची पिशवी किंवा विजेवर तापणारं पांघरूण बाळ अंथरुणात असताना अजिबात नको.

उजेडाचं घड्याळ

मेंदूच्या आत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ तिथे चालतं आणि ते रोज लावलं जातं उजेडाने. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं, उजेड पडला की थांबतं. पोटात असताना बाळाला आईचं मेलाटोनिन नाळेतून मिळत असतं. जन्मल्यावर तो पुरवठा थांबतो आणि बाळाची स्वतःची लय बसायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी नवजात बाळ चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत, दिवस-रात्र न बघता. त्या वयात ऋतूने झोप बिघडवली असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही, कारण घडी बसलेलीच नसते. चार महिन्यांनंतर मात्र, झोप 12 ते 16 तासांवर आलेली असताना, उजेड फार प्रभावी ठरतो.

विषुववृत्तापासून जितकं दूर जावं, तितका उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या दिवसाच्या लांबीत फरक पडतो. लांब दिवसांत संध्याकाळी उजेड रेंगाळतो आणि पहाट लवकर होते. बाळाचं घड्याळ म्हणतं, अजून दिवस आहे. मग साडेपाचला पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्याला टक्क जागं करते. यावर सोपा उपाय म्हणजे जाड, गडद पडदा, तोही खिडकीच्या चौकटीला चिकटून; फटीतून येणारा उजेड पुरेसा असतो. पण पडद्याची दोरी बाळाच्या हाताला लागणार नाही इतकी दूर ठेवा. आणि पहाटे उठलेल्या बाळाला लगेच उजेडात, गप्पांत, खेळात आणू नका. अंधारातच थोपटा, पाजा, परत ठेवा. साडेपाचला दिवस सुरू होतो हे एकदा घड्याळाने शिकून घेतलं की ते मोडायला आठवडे जातात.

आखूड, ढगाळ दिवसांत अडचण उलटी असते: दिवसाचा उजेडच कमी पडतो. बाळ दिवसभर घरात, मंद दिव्याखाली. संध्याकाळी मात्र सगळे दिवे आणि टीव्ही चालू. घड्याळाला दिवस-रात्रीतला फरकच कळत नाही. ब्रिटनमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की रात्री चांगली झोपणारी बाळं दुपारी जास्त उजेडात असायची. म्हणून हवा कशीही असो, सकाळी आणि दुपारी बाळाला उजेडात न्या. बाहेर जाता येत नसेल तर खिडकीजवळ बसा. ढगाळ दिवशीचा बाहेरचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. कडक उन्हात थेट ठेवायचं नाही, हे ओघानेच आलं. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून कापड पांघरतात, तेही टाळा. आतली हवा कोंडून झपाट्याने तापते.

संध्याकाळी झोपेच्या तासभर आधी दिवे मंद करा. 2018 मध्ये अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवून बघितलं, तर मेलाटोनिन जवळपास 88 टक्क्यांनी घटलं, आणि दिवे बंद केल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. मुलं थोडीच होती आणि बाळांहून मोठी. पण लहानांच्या डोळ्यांचं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ आणि बाहुल्या मोठ्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर उजेडाचा परिणाम जास्त होतो, हे यातून नीट कळतं. रात्री पाजताना आणि डायपर बदलताना पिवळसर, मंद दिवा पुरतो. हातातला मोबाइल बाळाच्या चेहऱ्यावर उजेड टाकणार नाही असा धरा.

दिवसाच्या लांबीबरोबर झोपेची वेळ सरकवावी लागली, किंवा तुमच्या देशात वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करत असतील, तर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं सरकवा. एकदम तासभर नको.

कोरडी हवा, दमट हवा

पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, झोपही मोडते. हीटर लावलेल्या खोलीतल्या कोरड्या हवेने नाकातला शेंबूड वाळून घट्ट होतो. अशा वेळी झोपण्याआधी आणि पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब घालणं हा सगळ्यात निरुपद्रवी उपाय. हवेत ओलावा सोडणारं यंत्र वापरत असाल तर ते गार वाफेचं घ्या आणि रोज धुऊन वाळवा, नाहीतर बुरशीच हवेत उडते. कापूर-मेंथॉलचे मलम दोन वर्षांच्या आतल्या बाळाला लावू नका. कापूर अंगात गेला तर लहान बाळाला झटके येऊ शकतात. नाक मोकळं राहावं म्हणून डोक्याखाली उशी देणं किंवा गादी तिरकी करणंही नको. बाळ घसरून हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट अरुंद होते. सर्दी असली तरी सपाट, टणक गादी आणि उताणं झोपणं, हेच कायम.

दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तेच तापमान जास्त जाचतं. काखा, मान आणि जांघा यांच्या घड्यांमध्ये घामोळं उठतं आणि खाजेने बाळ उठतं. सुती, सैल कपडे, झोपेआधी घड्या टिपून कोरड्या करणं आणि कमी थर, एवढंच करायचं. ओले कपडे बाळाच्या खोलीत वाळत घातले तर आणखी ओलावा वाढतो, हेही विसरून चालणार नाही.

उकाड्यात रात्री बाळ जास्त वेळा पाजायला मागतं. ती बहुतेक वेळा तहान असते. आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी देऊ नका. जास्त वेळा पाजा. मोडलेल्या झोपेबद्दल आईला यात दोष देऊ नये, आणि दूध कमी पडतं असा अर्थही काढू नये.

काय बदलू नये

ऋतूबरोबर कपडे, पडदे, पंखा बदलेल, पण संध्याकाळचा क्रम तोच ठेवा. अंघोळ किंवा अंग पुसणं, कपडे, दूध, मंद दिवा, अंगाई आणि मग अंथरूण. वीस-तीस मिनिटांत होईल असा कुठलाही क्रम चालेल, रोज तोच हवा. बाळाला घड्याळ वाचता येत नाही. या क्रमावरूनच त्याला झोपेची वेळ कळते. शिवाय बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण पन्नास-साठ मिनिटांचं असतं आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी ते जरा चाळवतं, हुं-हुं करतं, डोळे किलकिले करतं. लगेच उचलू नका. मिनिटभर थांबून ऐका. बरीचशी बाळं परत झोपतात, आणि आपणच घाईने उचलून त्यांना पूर्ण जागं करतो.

एक बदल केला की दोन-तीन रात्री वाट बघा, मग दुसरा. एकाच रात्री पडदा, पिशवी, वेळ सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळतच नाही. हवेशी जुळवून घ्यायला बाळाला आठवडाभर लागणं स्वाभाविक आहे.

त्याहून जास्त दिवस झोप मोडत असेल, तर कारण हवेत नसावं. चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची रचनाच बदलते, पुढे रांगणं-उभं राहणं शिकताना रात्री सराव चालतो; हे आपोआप निवळतं. काही खुणा मात्र वाट बघण्याच्या नव्हेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, बरगड्या आत ओढत घेतलेला भरभर श्वास, दूध नाकारणं, लघवी नेहमीपेक्षा बरीच कमी होणं, अंग लिबलिबीत पडणं किंवा उठवूनही नीट जागं न होणं. यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, बाळाला डॉक्टरांकडे न्या.